शाळेच्या भिंतीवरची रांग

शहापूर, बेळगाव
२४ ऑक्टोबर २०२५

पूर्णिमा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस एवढं कळतं. म्हणून पोस्टाने लिहितोय. तुझ्या मैत्रिणीचा बेंगळूरचा पत्ता आईने दिला. मी शोधून काढलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्यावरूनही भांडशील.

दिवाळी झाली. आईने तुझा फराळाचा डबा वेगळा काढून ठेवला होता. काल तो आम्हीच संपवला.

भिंत ठीक आहे. जाताना तू एकच गोष्ट बजावली होतीस, भिंतीला कुणाला हात लावू देऊ नका. जानेवारीत बेंगळूरची मंडळी ती बघायला येणार, त्यावर तुझी पुढची कामं ठरणार, हे माझ्या लक्षात आहे. मी काही म्हातारा झालेलो नाही.

पण तुझं चित्र सांभाळणं म्हणजे काय ते तुला तिकडे बसून कळायचं नाही. तू काढलंस काय, तर चाळीस फूट भिंतीवर रांगेत उभी एकोणीस माणसं, टोकाला कचेरीची गजांची खिडकी आणि खिडकीवर डांबर फासलेली पाटी. फूल नाही, पक्षी नाही, गड नाही, पुढारी नाही. आणि माणसं सगळी ओळखीची. भरमू टेलर रोज येऊन विचारतो की तो चौदावा का, आणि ईराण्णा झेरॉक्सवाला त्याच्या पुढे तेरावा का. भरमू आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, ईराण्णा कन्नड संघटनेचा वॉर्डप्रमुख, म्हणजे यात पण तू काहीतरी सुचवलंयस असं दोघांनाही वाटतं. ईराण्णाची पोट मोठं काढल्याचीही तक्रार आहे. आप्पाण्णा निपाणीहून खास बसने आला, अर्धा तास स्वतःसमोर उभा राहिला आणि म्हणाला, छत्री बरोबर आहे, चपला जुन्या काढल्यात.

एक किरकोळ दुरुस्ती करावी लागली. रांगेतल्या बाळाबाईची साडी तू हळदीच्या रंगाची, लाल काठाची काढली होतीस. तिची तशी साडी आहे, मला माहीत आहे. पण पहिली नोव्हेंबर, त्यांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, तोंडावर आहे आणि लाल-पिवळं म्हणजे कन्नडवाल्यांचा झेंडा. भरमू म्हणाला, रांगेत पहिली बाई आपली आणि साडी त्यांची, ही काय भानगड. मी केशरी केली. दुपारी ईराण्णा आला, म्हणाला, मारुतीराव, आता हा तुमचा झेंडा झाला की. म्हणून राखाडी केली. संध्याकाळी बाळाबाई स्वतः आली, मागावरच्या सुताच्या कांड्यांची टोपली कमरेवर, आणि बघून म्हणाली, "मी काय सिमेंटचं पोतं हाय व्हय रं?"

मी म्हटलं, गप बस.

आणि पाटीवरचं डांबर डोळ्यांत खुपतंय असं लोकांचं म्हणणं पडलं, म्हणून तिला तपकिरी हात दिला. पाटी पाटीच्या जागी आहे.

जेवतेस ना नीट?

बाबा

*

शहापूर
४ नोव्हेंबर

पूर्णिमा,

उत्तर नाही. ठीक आहे.

पहिली तारीख पार पडली. दरवर्षीचंच. इकडून काळे कपडे घालून फेरी, तिकडून लाल-पिवळे शेले आणि छाती फुटेल असा डॉल्बी, मध्ये पोलीस. दोन्हीकडचे कापडी बॅनर माझ्याच हातचे. यावरून तू मला काय म्हणाली होतीस ते पुन्हा लिहीत नाही.

आता भिंतीचं. शांतपणे वाच.

डांबर गेलं आणि पाटी कोरी दिसायला लागली. कोरी पाटी या गावात कुणाला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी ईराण्णा आला आणि म्हणाला, पाटीवर कन्नड पाहिजे, साठ टक्के, कायदा आहे. मी म्हटलं, अरे, ही पाटी नाही, पाटीचं चित्र आहे. तो म्हणाला, "चित्रातल्या पाटीला कायदा लागू न्हाय असं कुठं लिवलंय, दाखवा." तेवढ्यात भरमू आला. म्हणाला, लिहायचंच तर आधी मराठी, वर, मोठं. दोघं आपल्याच कट्ट्यावर बसले, आपल्याच घरचा चहा प्याले, आणि माझीच टेप घेऊन चित्रातली पाटी मोजली. तीन फूट बाय एक फूट. त्यातले साठ टक्के किती यावर ईराण्णाच्या मोबाइलवर हिशेब झाला. उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंग्रजी घालायचं की नाही यावरून भरमू उठून गेला आणि चष्मा विसरला म्हणून परत आला.

चाळीस वर्षं मी या दोघांच्या बापांसाठी, मग या दोघांसाठी पाट्या लिहिल्या. कन्नड आणि मराठी दोन्ही वळणं माझ्या हातात आहेत. मला लिहायला काय जात होतं? पण काय लिहिणार? तू पाटीवर काहीच लिहिलं नव्हतंस.

म्हणून मी पाटीवर झाड काढलं. झाडावर कुणाचं काही म्हणणं नसतं असं मला वाटलं. पिंपळ काढायला घेतला, तर भरमूच्या बायकोने विचारलं, खाली पार बांधणार का आणि देव कुठला बसवणार. गुलमोहर केला, तर फुलं लाल, आत पिवळी छटा, पुन्हा तेच. शेवटी कसलंच नाही असं झाड काढलं. नुसतं हिरवं.

मग झाडाखाली गजांची खिडकी विचित्र दिसायला लागली, झाडाला कैदेत टाकल्यासारखी. तिच्यावरून बुंधा आणला.

तर आता चित्र असं आहे की एकोणीस माणसं एका झाडाकडे तोंड करून रांगेत उभी आहेत. वाईट दिसत नाही. शाळेच्या हेडबाई म्हणाल्या, पर्यावरणाचा संदेश छान आहे.

मी काय करायला पाहिजे होतं ते तू सांग. इथे राहून सांग. बेंगळूरला बसून मेट्रोच्या खांबांवर मासे रंगवणं सोपं आहे. माशांना भाषा नसते.

तुझी आई चार दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

बाबा

*

शहापूर
२० नोव्हेंबर

पूर्णिमा,

तुझा मेसेज आला. माझ्या फोनवर नाही, आईच्या. तिने तो न बोलता माझ्यासमोर धरला. दोन पत्रांना मिळून एक ओळ: "डांबर खुपतं असं म्हणणारे लोक म्हणजे कोण?"

दोन आठवडे उत्तर लिहितोय आणि फाडतोय. भरमूचं नाव घातलं होतं. मग ईराण्णाचं. एका कागदावर शाळेच्या कमिटीचं घातलं. तिघांपैकी कुणालाही विचारलंस तर ते नाही म्हणतील, कारण त्यांनी खरोखरच काही म्हटलं नव्हतं.

कुणीच म्हटलं नव्हतं. पाटीबद्दल अवाक्षर नाही. तू सकाळच्या गाडीने गेलीस, मी चहा घेऊन भिंतीसमोर बसलो, डांबराकडे बघितलं, आत गेलो, तपकिरी डबा आणला आणि पाटी पुसली. अकरा वाजले नव्हते. गल्ली नीट उठलीही नव्हती. साडीवर भरमू आणि ईराण्णा बोलले हे खरं, पण ते नंतर. पहिला हात माझा. कोऱ्या पाटीवरून पुढचं सगळं सुरू झालं आणि ती कोरी मी केली होती.

मागच्या पत्रात आणि त्याच्या आधीच्यात मी ते लोकांवर ढकललं.

तुला समजावं म्हणून लिहितो, माफ कर म्हणून नाही. तू जन्मायच्या आधी खडेबाजारात मी एका कापडवाल्याची पाटी लिहिली होती, मराठीत. तिसऱ्या दिवशी तिच्यावर डांबर. मालकाने कन्नडमध्ये लिहायला सांगितली, लिहिली. आठवड्यात पुन्हा डांबर, दुसऱ्यांचं. मालक मला म्हणाला, तुला अक्कल नाही का, असं लिही की कुणी काही फेकणार नाही. पोलिसांनी दोन दिवस चौकीवर बसवून घेतलं, कारण दोन्ही वेळा अक्षर माझं. तेव्हापासून मी एक शिकलो. ब्रश बुडवायच्या आधीच समोरच्याला काय खुपेल ते ओळखायचं आणि त्याने तोंड उघडायच्या आत ते पुसायचं. लोक मला शहाणा पेंटर म्हणतात तो यासाठी. अक्षरासाठी नाही. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं असलेले दोघे या गावात होते, त्यांना कामं मिळाली नाहीत.

जाताना तू म्हणालीस, बाबा, तुमचा हात कधी तुमचा नव्हताच. मी म्हणालो, याच हाताने तुला चित्रकलेच्या कॉलेजात घातली. ते खरं आहे. तुझंही खरं आहे. दोन्ही खरं असल्यावर काय करायचं असतं, मला माहीत नाही. म्हणून मी तपकिरी डबा आणला.

पण लगेच माझ्यावर डोळे वटारू नकोस. या गावात डांबर चित्रात काढायलासुद्धा जिगर लागते आणि ती सगळी तूच घेतलीस.

बाबा

*

शहापूर
७ डिसेंबर

पूर्णिमा,

उद्यापासून इथे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. गावात जिकडे बघावं तिकडे पोलीस, पिरनवाडीच्या नाक्यापर्यंत गाड्या अडवतात. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस भिंतीला हात लावणार नाही. मी लावलाय.

झालं असं. सोमवारी आप्पाण्णा पुन्हा आला. या खेपेला बायकोला आणि मेहुणीला घेऊन, निपाणीहून, चांगले कपडे घालून. त्याचा जमिनीचा कागद तीन महिने अडला होता आणि तो इथे येऊन त्या खिडकीसमोर उभा राहायचा, तिथेच तू त्याला काढलास, हे तो निपाणीत सगळ्यांना सांगून बसलाय. आला तर खिडकी गायब. मेहुणी म्हणाली, दाजी, तुम्ही बेळगावला येऊन झाडाखाली उभं राहत होता व्हय. आप्पाण्णा माझ्याशी फार सौम्य बोलला. म्हणाला, मारुतीराव, मला रांगेतनं काढून टाका, पण असं ठेवू नका. मला फार लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाळाबाई कट्ट्यावर बसून कांड्या भरत ऐकत होती. तिने चरखा थांबवला.

"मारुती, मी कशासाठी उभी हाय तिथं?"

मी म्हटलं, चित्र आहे बाळाबाई.

"त्ये कळतंय. पूर्णिमा माझ्यासंगं चार खेपा आलती त्या हापिसात. खिडकीतला बाबा म्हणाला, कागदात लिवलंय ते घेऊन या. मी म्हटलं, काय लिवलंय सांगा. त्यो म्हणाला, वाचा. मला कन्नड बोलाय येतंय, त्याच्याशी कन्नडमधनंच भांडले मी, पर वाचाय येत न्हाय. कुठलंच येत न्हाय. आठ म्हैनं पेन्शन बंद हाय माझी. पोरीनं ते काढलं हुतं. तू झाड काढलंस. झाडाकडं काय मागू मी, पाला?"

मी म्हटलं, पोलीस येतील, मला नेतील. ती म्हणाली, तुला न्यायचे ते नेतील, पण मला रिकामटेकडी कशाला केलीस.

तुझी आई दारात उभी होती. ती आत गेली आणि तुझी कच्च्या चित्रांची वही घेऊन आली. कुठे ठेवली होती ते सांगितलं नाही. महिनाभराने माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "नीट बघून काढा."

झाड खरवडलं. साडी पुन्हा हळदीची केली, लाल काठ दोन बोटं, वहीत तसा होता. भरमू बघून गेला, ईराण्णा बघून गेला, मी दोघांकडे पाठ करून काम केलं. खिडकी काल झाली. तुझ्यासारखी आली नाही. गजांमागे तू जो काळोख ठेवला होतास तो मला जमत नाही, माझा काळोख रंगवलेला दिसतो. अक्षर गिरवण्यात जन्म गेला, त्यामुळे गज मात्र सरळ आलेत. नको इतके सरळ.

पाटी राहिलीय.

बाबा

*

शहापूर
१३ डिसेंबर

पूर्णिमा,

तुझ्या कानावर आलं असेल. आईने तुला फोन केला आणि तू उचललास, हेही कळलं. वर्तमानपत्रात आलंय त्यातलं नाव आणि वय बरोबर आहे, बाकी माझ्याकडून ऐक.

पाटीवर मी काळा ऑइल पेंट मारला. पाटी नवीकोरी दिसायला लागली, दुकानावर लावण्यासारखी. पुसला. पुन्हा मारला, ओघळ काढले. ओघळ एकसारखे आले. डांबर असं ओघळत नाही. वरच्या बाजूला जाड बसतं, कडेला गोळा होतं आणि एखादाच ओघळ वेडावाकडा खाली येतो. मी आयुष्यभर रॉकेलने ते पुसलंय, मला माहीत आहे. मग मी मच्छे गावाजवळ रस्त्याचं काम चाललंय तिथे जाऊन बादलीत थोडं डांबर मागून आणलं, गरम केलं, आणि गुरुवारी सकाळी अकराला, अधिवेशन चालू असताना, शाळेच्या भिंतीसमोर उभं राहून झाडणीने पाटीवर फेकलं.

माझ्या डोक्यात फक्त ओघळ होता. लोक काय बघतायत हे डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

लोकांनी बघितलं ते असं की एक म्हातारा भरदिवसा पाटीला डांबर फासतोय. कुणीतरी ओरडलं. या टोकाकडून भरमू पोरं घेऊन पळत आला, त्या टोकाकडून ईराण्णा. दोघांचं एकदमच, पाटी कुणाची, कुणाची पाटी. मी म्हटलं, चित्रातली. त्यांनी बघितलं, चित्रातलीच होती. मग कुणाच्या बाजूने ओरडायचं ते दोघांनाही ठरेना. तोवर पोलिसांची जीप आली.

ठाण्यावर फौजदार तरुण होता, चिडलेला, तीन दिवस झोपला नसावा. विचारलं, कुठल्या भाषेची पाटी काळी केली. मी सांगितलं, पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, काही न लिहिलेल्या पाटीला कुणी डांबर फासतं का. मी म्हटलं, साहेब, मीही महिनाभर हेच म्हणत होतो. त्याने ते पान फाडून दुसरं घेतलं. बाहेर बाकावर भरमू आणि ईराण्णा दोघेही मला सोडवायला आले होते आणि दोघांच्याही खिशात तक्रारअर्ज होता, पाटी कुणाची ते ठरलं की द्यायला. दोघांनी अर्ज घरी नेले.

गुन्हा मात्र नोंदला आहे, सार्वजनिक भिंत विद्रूप केल्याचा. अशा दिवसांत त्यांना काहीतरी नोंदावं लागतं. मला घरी सोडलंय, तारखेला जायचं. सीमेचा दावा कोर्टात वीस वर्षं झाली, माझाही आता त्याच्या मागे लागला असं आप्पाण्णा फोनवर म्हणाला.

शुक्रवारी पंचनामा झाला. हेड कॉन्स्टेबल गोकाकचा, मराठी अर्धंमुर्धं. फौजदाराने त्याला सांगितलं होतं, भिंतीवर काय काय आहे सगळं लिहून आण. तो सरळ माणूस. रांगेच्या टोकापासून सुरू केलं आणि एकेका माणसासमोर थांबून लिहीत गेला. अंगावर काय, हातात काय, उभा की बसलेला. गल्ली मागे मागे. बाळाबाईच्या चित्राशी आला तेव्हा ती शेजारीच उभी होती. त्याने चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, तुम्ही इथे का उभ्या आहात. ती कन्नडमध्येच सांगत गेली, खिडकी, कागद, चार खेपा, आठ महिने. तो लिहीत गेला. झाल्यावर ती म्हणाली, वाचून दाखव. त्याने वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. तिने अंगठा दिला. साक्षीदार म्हणून कॉन्स्टेबलला एवढं पुरलं असतं, पण मग भरमूने सांगितलं तो कशासाठी उभा आहे ते, ईराण्णाने सांगितलं, आप्पाण्णाचं मी सांगितलं. ईराण्णाचा कागदही त्याच खिडकीत अडलाय, कन्नडमध्येच, हे भरमूला पहिल्यांदा कळलं. एकोणीस माणसांना दोन तास लागले. तुझ्या चित्राकडे आजवर इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं, माझ्यासकट.

निकाल लागेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही असा कागद शाळेला दिलाय. बघायला बंदी नाही, मी विचारून घेतलं. जानेवारीच्या मंडळींना घेऊन ये. खिडकी माझी आहे हे त्यांना सांग. साडीही. ओघळ मात्र दोन बरे आलेत.

माझा जबाब शेवटी झाला. चित्र कुणाचं, त्याने विचारलं. मी सांगितलं, पूर्णिमा मारुती मोदगेकर हिचं. डांबर? डांबर माझं. पुढचा प्रश्न होता, हे कुणाच्या सांगण्यावरून केलं. तिथे "कुणाच्याही नाही" असं मी त्याला लिहायला लावलं, त्याने लिहिलेलं नीट वाचलं आणि खाली सही केली.

बाबा